लेकी बोले, सुने लागे… पण दिराला?

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचा गोषवारा देते.

एकत्र कुटुंब. नवऱ्याचं सिडकोत इलेक्ट्रिकलचं दुकान. धाकटा दीर एकतीस वर्षांचा, त्याला नऊ वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्या नियमित चालू आहेत. गेल्या चार वर्षांत कानात आवाज येत नाहीत, दवाखान्यात ठेवावं लागलेलं नाही. दुकानात तो बिलं करतो, हिशेबात चोख आहे. पण 'माणसांचं त्याला काही कळत नाही.' वहिनी तापाने फणफणलेली असली तरी 'आज चटणी नाही का?' विचारतो. पाहुण्यांना पगार विचारतो. मागच्या महिन्यात दुकानात दोन गिऱ्हाइकं आपसात हसली, तर याने बिलबुक आपटलं आणि आत निघून गेला. सात वर्षांच्या पुतणीवर मात्र जीव, ती हसली की हाही हसतो. ताईंचे वडील, आप्पा, अलीकडेच गेले. दीर आजारातून उठल्यावर दर रविवारी आप्पा त्याला स्कूटरवर मागे बसवून सोमेश्वरला न्यायचे. दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना, सगळे गप्प उभे होते. तेव्हा हा ताईंजवळ आला आणि म्हणाला, 'वहिनी, आप्पांची स्कूटर विकणार का? कितीला?' त्या दिवसापासून ताई त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. आता ताईंच्या भावाचा साखरपुडा आहे, वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून. माहेरचे म्हणतात, त्याला आणू नका. नवरा म्हणतो, तो नाही तर मीही नाही. ताई विचारतात: तो हे मुद्दाम करतो का? की त्याला आतून काही वाटतच नाही? आणि साखरपुड्याला न्यायचं की नाही?

ताई,

रामकुंडावरचा प्रसंग वाचला आणि पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. तुम्हाला लागलं, त्यात तुमचं काही चुकलं नाही. घरात आजारी माणूस आहे म्हणून बाकीच्यांनी दुखावून घ्यायचंच नाही, असा कुठे नियम नाही. आप्पा जाऊन किती दिवस झालेत? त्यात घर, दुकानाचे डबे, लेकीची शाळा. तुमच्याकडे कोणी बघतंय का, हाही प्रश्न आहेच. त्याकडे येईन.

पत्रात 'मुद्दाम' हा शब्द चार वेळा आलाय. आधी त्याचंच बघू.

स्किझोफ्रेनिया म्हटलं की आपल्याला आठवतात ते कानात येणारे आवाज आणि 'माझ्यावर कोणी पाळत ठेवतंय' हा संशय. औषधं सगळ्यात चांगली लागू पडतात ती यांच्यावर. तुमच्या घरीही तेच झालं. आवाज थांबले आणि घरातल्या सगळ्यांनी मनात नोंद केली, 'बरा झाला.' मग बरा झालेला माणूस तापलेल्या वहिनीला चटणी कशी मागतो? म्हणजे स्वार्थीच असणार. हिशेब सरळ वाटतो, पण पहिली नोंदच अर्धवट आहे. या आजाराचा आणखी एक भाग असतो, जो दिसत नाही आणि गोळ्यांना फारसा दाद देत नाही: समोरच्याचा चेहरा, आवाजातला चढउतार, न बोललेलं मन आणि प्रसंगाची रीत हे सगळं वाचता येणं. याला सामाजिक आकलन म्हणतात. स्किझोफ्रेनिया असलेल्या पुष्कळ लोकांत ते कमी पडतं. सगळ्यांत सारखं नाही, पण इतक्या जणांत की तो आता आजाराचाच भाग मानला जातो.

गोदेला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो आणि सांगतो, पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. ते कोणी शिकवलेलं नसतं. घरातल्या माणसाचा चेहराही आपण तसाच बघतो. सासूबाईंची भुवई कुठवर चढली यावरून तुम्ही रोज किती निर्णय घेत असाल! तुमच्या दिराला मूर्ती दिसते, पाणीही दिसतं, पण पाणी कुठवर आलंय हे चटकन लागत नाही. नजरेच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांत दिसलंय की असे रुग्ण चेहरा बघताना डोळे आणि तोंड या नेमक्या जागांवर कमी रेंगाळतात. आनंद ओळखणं त्यातल्या त्यात सोपं जातं. भीती, दुःख, राग, किळस यांत घोटाळा होतो. म्हणून पुतणी हसली की तो हसतो आणि तुमचा थकवा त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जातो. दोन्ही गोष्टी तुम्हीच लिहिल्यात, फक्त एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत.

आता मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रिथ यांनी १९९२ मध्ये असं मांडलं की दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधण्यातली अडचण या आजाराच्या मुळाशी आहे. त्यांच्याच गटाने १९९५ मध्ये एक चाचणी केली. त्यात छोटे प्रसंग सांगतात आणि विचारतात, या माणसाला खरं म्हणायचंय काय? समजा, बाजारातून येताना बायको नवऱ्याला म्हणते, 'किती जड झाल्यात हो या पिशव्या.' तिला काय हवंय? बस, एवढंच ओळखायचं. स्किझोफ्रेनिया असलेले लोक इथे अडखळतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं होतं. प्रयोगशाळा कशाला हवी? आपल्या घरात ही परीक्षा पहाटे दुधापासून चालू असते. 'दूध संपलं वाटतं' म्हणजे आणा. 'बघू' म्हणजे नाही. निघताना 'येतो' म्हणजे जातो. 'काही नाही झालं मला' म्हणजे बरंच काही झालंय. लेकी बोले सुने लागे, ही तर आपल्याकडची पदवी परीक्षा! माझ्या एका मामाला हाच आजार होता. शेजारचे काका कट्ट्यावर सहज म्हणाले, 'या की एकदा घरी.' मामा त्याच संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि नऊ वाजेपर्यंत बसला. काकांकडे जेवायचे खोळंबले होते. काकूंनी दोनदा पानं मांडल्याचा आवाज केला, घड्याळाकडे बघितलं, काकांनी जांभई दिली. मामा बसलाच. घरी येऊन म्हणाला, 'फार आग्रहाने बोलावलं होतं, पण नंतर कोणी नीट बोललंच नाही.' आम्ही पोरं खूप हसलो होतो. आता आठवलं की हसू येत नाही.

रीत जागोजागी वेगळी असते, म्हणून परदेशातल्या चाचण्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी भारतीय माणसांसाठी चाचण्यांचा वेगळा संच बनवून तपासला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ही तुमच्या घरची विक्षिप्त कहाणी नाही. आपल्याकडेही ही गोष्ट मोजली जाते.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: त्याला आतून काही वाटतं का?

समोरच्याचं दुःख ओळखता न येणं आणि आपल्याला दुःख न होणं, या दोन गोष्टी आपण एकच धरतो. १९९३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना आणि इतरांना भावना जागवणारी चित्रपटातली दृश्यं दाखवली. रुग्णांचे चेहरे कमी हलले. पण आत काय वाटलं हे विचारलं, तर त्यांनी इतरांपेक्षा कमी सांगितलं नाही. चेहरा कोरडा असला म्हणजे आतही कोरडंच, असं त्यावरून धरता येत नाही. शिवाय काही औषधांनी चेहऱ्याचे स्नायू आखडल्यासारखे होतात, चालताना हात कमी हलतात. तसं दिसत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, कारण त्यावर उपाय आहे.

आणि बिलबुक? तिथे उलटी गंमत असते. समोरच्याच्या वागण्याचा अर्थ लागत नाही, तेव्हा ती रिकामी जागा मन स्वतःच भरतं, आणि या आजारात ती भरते बहुधा धोक्याने. दोघं हसली, मी समोर होतो, म्हणजे मलाच हसली. मध्ये थांबून दुसरं काही असेल का, हे बघितलंच जात नाही.

आता करायचं काय? मोठं काम एकच आहे आणि ते घरातल्या सगळ्यांनी करायचंय: आडून बोलणं बंद. 'मला काय दहा हात आहेत?' या वाक्याचा त्याला काहीही उपयोग नाही. 'मी दमलेय. तू कुकर लाव. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.' याचा आहे. तुमच्या भावनेलाही नाव द्या, ती ओळखायचं काम त्याच्यावर सोडू नका. 'माझं डोकं दुखतंय म्हणून मी गप्प आहे, तुझ्यावर रागावले नाहीये.' यातलं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे, कारण तुमच्या गप्प बसण्यात तो नेमका राग वाचत असण्याची शक्यता आहे. टोमणे तर नकोच. शब्द एक आणि सूर दुसरा, हे त्याच्यासाठी सगळ्यात कठीण. सुरुवातीला तुम्हाला वाटेल, एकतीस वर्षांच्या माणसाशी असं पोरासारखं काय बोलायचं. पोरासारखं बोलू नकाच. बँकेतल्या माणसाशी बोलतो तसं स्पष्ट आणि नेहमीच्या आवाजात बोला. (तुमच्या यजमानांनाही हे बोलणं सोसेल असा माझा अंदाज आहे. बायकोच्या 'काही नाही'चा अर्थ ओळखण्यात तरबेज नवरा मी अजून पाहिला नाही.)

चूक झाली तर चारचौघांत दटावू नका. त्याच दिवशी, घरी, एकट्याला सांगा: तू काकांना पगार विचारलास, त्यांना अवघडल्यासारखं झालं, पुढच्या वेळी पोरं कशी आहेत ते विचार. एवढंच आणि पुन्हा उगाळायचं नाही. घरातली सततची टीका आणि चीड, तसंच जीव गुदमरेल इतकी काळजी, यांनी आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांच्या कामापासून पुन्हा पुन्हा दिसलंय. चंदीगडमधल्या अभ्यासात आपल्याकडची घरं याबाबतीत लंडनपेक्षा बरी निघाली होती. ती तशी राहावीत.

दुकानाचं म्हणाल तर त्याला गोडाऊनला बसवायचा विचार तुमच्या यजमानांच्या मनात आलाय, तो मला पटत नाही. माणसं वाचायची सवय माणसांत राहूनच होते. गर्दीच्या वेळी काउंटरवर दुसरं कोणी, सकाळी शांत असताना तो, असं करता येईल. रात्री शटर ओढल्यावर भावाने त्याच्याबरोबर पाच मिनिटं एक खेळ खेळावा. आज कोणाच्या वागण्याने खटकलं? त्याची आणखी तीन कारणं कोणती असू शकतील? ती दोघं हसली, कारण मोबाईलवर काही आलं, कारण एकाने दुसऱ्याची खेचली, कारण होल्डरऐवजी पुन्हा स्विचच उचलला. खरं कारण सापडायलाच हवं असं नाही. पहिलं कारण हेच शेवटचं नसतं, इतकी सवय लागली तरी बिलबुक वाचेल. ही युक्ती माझी नाही. हँबुर्गच्या स्टेफेन मॉरिट्झ यांनी विकसित केलेल्या प्रशिक्षणात आणि अमेरिकेतल्या डेव्हिड पेन यांच्या गटाच्या कार्यक्रमात अशाच प्रकारचा सराव असतो. अशा सरावाने चेहऱ्यावरचे भाव ओळखणं बऱ्यापैकी सुधारतं. मात्र वर्गात शिकलेलं घरात उतरायला घरातल्यांची साथ लागते.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'झोप बरी आहे, आवाज नाहीत' एवढ्यावर उठू नका. बिलबुकाचा आणि चटणीचा प्रसंग तारखेसकट सांगा. सामाजिक कौशल्यांचं प्रशिक्षण देणारे मानसशास्त्रज्ञ किंवा मनोसामाजिक कार्यकर्ते कोण आहेत, ते विचारा. गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करू नका, त्यातला एखादा डोस माणूस सुस्त करतोय का, हे डॉक्टरच बघतील. आणि एक फरक लक्षात ठेवा. माणसं न कळणं हे वर्षानुवर्षं साधारण तितकंच असतं. पण संशय अचानक पक्का व्हायला लागला, झोप उडाली, एकटाच पुटपुटायला लागला, तर ते वेगळं आहे, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर आठवडाही थांबू नका. रात्री-अपरात्री कोणाशी तरी बोलायला हवं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, घरच्यांसाठीसुद्धा.

जाता जाता आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार आहे. त्यासाठी जे मोजमाप वापरतात त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम. चारातल्या दोन तुमच्याच तक्रारीतल्या आहेत! दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर प्रमाणपत्राचे लाभ मिळू शकतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि माहेरचं कोणी 'नाटकं करतो' म्हणालं, तर त्यांनाही हे सांगता येईल.

आता साखरपुडा. तुमच्या माहेरचं मत पत्रात आहे, नवऱ्याचं आहे, सासूबाईंचं मौनही आहे. त्याचं मत कुठेच नाही. त्याला विचारलंय का कोणी, 'तुला यायचंय का?' कदाचित त्याला यायचंच नसेल, आणि दोन घरं त्याच्यावरून भांडतायत. नको म्हणाला तर तेही मान्य करा, त्यात कमीपणा नाही.

यायचं म्हणाला, तर मी न्यायच्या बाजूची आहे. पण तयारीने. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उड्या घेणाऱ्या गावाला गर्दीचं काय सांगायचं, तरीही लॉन्सवरचा डीजे, दोनशे अनोळखी चेहरे, प्रत्येकाचं 'ओळखलंस का?', हे त्याच्यासाठी एकाच वेळी दहा भाषा ऐकण्यासारखं असतं. म्हणून दोनच तास. काम ठरलेलं द्या. हिशेबात चोख आहे ना, मग आहेराच्या पाकिटांची नोंद त्याच्याकडे, शेजारी ओळखीचा एक माणूस. बोलायची दोन-तीन वाक्यं आधी ठरवा आणि कोणते विषय नाहीत तेही स्पष्ट सांगा: पगार, खर्च, आप्पांची गाडी. दमलो की 'दादा, मी बाहेर बसतो' एवढं म्हणायचं, कारण द्यायचं नाही. डोळ्यांनी खुणा करू नका, त्या त्याला कळणार नाहीत. आणि भावाला आधी एकट्याला भेटून सांगा की आजार काय आहे आणि काय नाही. आजारपण किती जणांना कळावं, हे मात्र दिराला विचारूनच ठरवा. तरी तिथे एखादं वाक्य तो भलतंच बोलेल, हे धरून चला. लग्नकार्यात भलतं बोलणारे आजारी नसलेले नातेवाईक प्रत्येक घरात निदान तीन असतात, त्यांना कोणी घरी ठेवत नाही.

तुमच्याबद्दल. घरच्यांसाठीचे आधारगट असतात, पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन हे काम बरीच वर्षं करतेय. तिथे फोन करा. यजमानांनाही थोडं कामाला लावा. भाऊ त्यांचा आहे, आणि पत्रातला सगळा सांभाळ तुमच्या एकटीच्या नावावर दिसतोय.

शेवटचं, ते स्कूटरचं. तुमची गाडी तिथेच अडलीय. दिराला मन वाचता येत नाही हे तुम्ही चार पानं लिहून सांगितलंत, पण त्या दिवशी त्याचं मन तुम्ही एका वाक्यावरून वाचून टाकलंत. आजारातून उठलेल्या पोराला दर रविवारी मागे बसवून सोमेश्वरला नेणारी ती स्कूटर. तिच्याबद्दल त्याने का विचारलं असेल? विकत घ्यायची असेल, विकू नका म्हणायचं असेल, नुसता भावच हवा असेल. मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. तीन कारणांचा खेळ तुम्हीही खेळून बघा.

किंवा सरळ विचारा. संध्याकाळी दोघांचा चहा ठेवा आणि आडून न विचारता म्हणा, 'त्या दिवशी आप्पांच्या स्कूटरचं विचारलंस तेव्हा मला वाईट वाटलं होतं. का विचारलंस?' मग थांबा. उत्तर यायला वेळ लागेल, मध्येच त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. गॅसवर काही असेल तर आधीच बंद करून ठेवा.